घराची जाहिरात आणि घराचा लिलाव

भाजी घेताना मनुष्य देठ मोडून पाहतो, मडके घेताना टिचकी मारतो, बैल घेताना दात मोजतो. या वस्तू त्याने अनेकदा घेतलेल्या असतात आणि त्यांची खोड कोठे दडलेली असते हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. घर मात्र मनुष्य आयुष्यात एकदा, फार तर दोनदा घेतो. अनुभव येईपर्यंत व्यवहार आटोपलेला असतो. म्हणून ज्या वस्तूसाठी सर्वांत मोठी रक्कम मोजायची, तीच सर्वांत कमी पारखून घेतली जाते. आज आम्हांला जे सांगायचे आहे ते एका वाक्यात असे : घर घेणे म्हणजे भिंती घेणे नव्हे, हक्क घेणे होय, भिंती डोळ्यांना दिसतात, हक्क कागद वाचून शोधावे लागतात.

सुरगाण्यासारख्या ठिकाणी हा विषय कशाला, असे कोणी विचारील. परंतु श्रोतेहो, आपल्याकडील नोकरदार मुलांच्या शिक्षणासाठी किंवा निवृत्तीनंतरच्या सोयीसाठी नाशिकला घर पाहतो. जो गावातच घर बांधू इच्छितो, त्याच्यापुढे येथील जमिनीचे कायदे उभे राहतात. आणि वृत्तपत्राचे पान उलटले की ‘ताबा नोटीस’, ‘मालमत्तेच्या विक्रीची जाहीर सूचना’ असल्या बारीक अक्षरांच्या चौकटी दिसतात. त्या आपल्यासाठी नाहीत, असे समजून आपण पान उलटतो. वास्तविक त्या आपल्यासाठीच छापलेल्या असतात.

प्रथम एका शब्दाचा घोळ दूर करू. बँकेच्या कचेरीत ‘फोरक्लोजर’ हा शब्द दोन अर्थांनी ऐकू येतो. एक अर्थ, कर्ज मुदतीपूर्वीच फेडून खाते बंद करणे. हा आनंदाचा प्रसंग. आणि बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर व्यक्तींकडून त्यासाठी दंड घेऊ नये, असे रिझर्व्ह बँकेने जून २०१२मध्ये बँकांना बजावले आहे. दुसरा अर्थ, कर्ज थकल्यामुळे तारण ठेवलेले घर सावकाराच्या हाती जाणे. आज आम्ही बोलणार आहोत ते या दुसऱ्या अर्थाविषयी.

गहाण आणि जप्ती महाराष्ट्राला नव्या नाहीत. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी उठले आणि दक्षिणेतील दंगे म्हणून जे प्रकरण इतिहासात नोंदले गेले त्याला तोंड फुटले. त्या जमावांचा मुख्य रोख सावकाराच्या दप्तरावर होता. खते आणि हुकूमनामे हस्तगत करून ते जाळण्यात आले. आपली जमीन कागदाने गेली, हे त्या निरक्षर माणसांना नेमके कळले होते. पुढे १८७९मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. कागद न वाचता अंगठा उठवणाऱ्याचे काय होते, हा त्या प्रकरणाचा धडा अद्याप जुना झालेला नाही.

आता जाहिरातीकडे वळू. घरांच्या याद्या आज मोबाईलवर, वृत्तपत्रांत आणि दलालाच्या वहीत मिळतात. यादीतील किंमत ही विकणाऱ्याची इच्छा असते. ती घराची किंमत असेलच असे नाही. शेजारचे घर गेल्या वर्षी खरोखर कितीला नोंदले गेले, हे दुय्यम निबंधकाच्या कचेरीतील सूची क्रमांक दोनवरून कळते. नव्या इमारतीच्या बाबतीत २०१६च्या स्थावर संपदा कायद्याने ग्राहकाच्या हाती चांगले साधन दिले आहे. ५०० चौरस मीटरांहून मोठ्या भूखंडावरील आणि आठांहून अधिक सदनिकांच्या प्रकल्पाची महारेराकडे नोंदणी झाल्याशिवाय जाहिरातच करता येत नाही. १ ऑगस्ट २०२३पासून जाहिरातीत क्यूआर कोड छापणेही बंधनकारक आहे. मोबाईल धरला की प्रकल्पाची माहिती समोर येते. क्षेत्रफळ चटई क्षेत्रानेच सांगितले पाहिजे. आणि करारनाम्याची नोंदणी होण्यापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. तरीही ‘आज टोकन द्या, उद्या भाव वाढेल’ असे म्हणणारा भेटतोच. त्याला आपण नोंदणी क्रमांक विचारावा. क्रमांक सांगताना जो अडखळतो, त्याच्याकडे पैसे देताना आपणही अडखळावे.

जुन्या घरासाठी हे छत्र नाही. तेथे मालकीची साखळी स्वतः तपासावी लागते. निदान ३० वर्षांचा शोध वकिलाकडून घ्यावा. आणि घरावर कोणत्या बँकेचा बोजा आहे हे ‘सरसाई’ या केंद्रीय नोंदवहीत पाहावे. ही नोंदवही २०११पासून चालू असून अल्प शुल्क भरून कोणालाही तिच्यात शोध घेता येतो. सातबाऱ्यावर बोजा नाही म्हणून घर मोकळे आहे, असे धरून चालू नये. कारण मूळ खरेदीखत बँकेत ठेवून केलेले गहाण सातबाऱ्यावर उमटलेले असेलच असे नाही.

आता लिलाव. पूर्वी बँकेला तारण विकण्यासाठी दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागे आणि वर्षे जात. २००२च्या सरफेसी कायद्याने बँकेला न्यायालयाच्या मध्यस्थीशिवाय तारण ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार दिला. सहकारी बँकांना तो आहे की नाही, हा वाद बरीच वर्षे चालला. कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ५ मे २०२० रोजी तो मिटवला. सहकारी बँकांनाही हा अधिकार आहे, असा निर्णय झाला.

या कायद्याची पावले ठरलेली आहेत. हप्ता ९० दिवस थकला की खाते अनुत्पादक ठरते. मग बँक कर्जदाराला ६० दिवसांची मागणी नोटीस देते. कर्जदाराने हरकत घेतली, तर १५ दिवसांत तिला कारणांसह उत्तर देणे बँकेवर बंधनकारक आहे. तरीही रक्कम आली नाही, तर बँक ताबा घेते आणि ताब्याची नोटीस दोन वृत्तपत्रांत छापते. त्यांपैकी एक स्थानिक भाषेतील असावे लागते. या कारवाईविरुद्ध कर्जदार ४५ दिवसांच्या आत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागू शकतो. त्यानंतर मूल्यांकन करून राखीव किंमत ठरते, कर्जदाराला ३० दिवसांची विक्रीची नोटीस जाते आणि विक्रीची जाहीर सूचना प्रसिद्ध होते. हल्ली लिलाव बहुधा संगणकावरच होतो, आणि सरकारी बँकांच्या अशा मालमत्तांची यादी ‘बँकनेट’ या संकेतस्थळावर पाहता येते.

खरेदीदाराने या पावलांची माहिती का ठेवावी? कारण यांतील एखादे पाऊल बँकेने चुकवले, तर तोटा खरेदीदाराच्याही पदरी येतो. नोटीस नीट बजावली गेली नाही म्हणून न्यायाधिकरणाने विक्री रद्द केली, तर पैसे परत मिळतील, पण गेलेला काळ परत मिळणार नाही. गोव्यातील एका मोठ्या हॉटेलचा लिलाव फेब्रुवारी २०१५मध्ये झाला. त्यावरचा वाद सर्वोच्च न्यायालयात मार्च २०१८मध्ये मिटला. तेथे खरेदीदार मोठी कंपनी होती. तिला तीन वर्षे थांबणे परवडले. कर्ज काढून घर घेणाऱ्या शिक्षकाला ते परवडेल काय?

सूचनेतील सर्वांत महत्त्वाचे शब्द बहुधा शेवटी येतात : ‘जे आहे जेथे आहे, जे आहे जसे आहे’ या तत्त्वावर विक्री. याचा सरळ अर्थ असा की, घर जसे आहे तसे, त्याच्या दोषांसह आणि देण्यांसह, आपण स्वीकारतो. बँकेला ठाऊक असलेले बोजे सूचनेत सांगणे तिचे कर्तव्य आहे. जे तिला ठाऊक नाहीत त्यांचा शोध आपण घ्यायचा. विजेच्या जुन्या थकबाकीचेच पाहा. लिलावात घेतलेल्या जागेला नवी वीजजोडणी देताना पूर्वीच्या मालकाची थकबाकी नियमांनुसार मागता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२३ रोजी दिला. घरपट्टी, पाणीपट्टी, गृहनिर्माण संस्थेची वर्गणी यांचीही चौकशी अगोदरच करावी. सरकारी करांविषयी मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ऑगस्ट २०२२मध्ये जळगावच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात विस्ताराने निर्णय दिला आहे. ज्या बँकेने आपला बोजा सरसाईत नोंदवला आहे तिला प्राधान्य मिळते, हे त्याचे सार. तेव्हा बँकेकडे तो नोंदणी क्रमांक मागावा, आणि करखात्याची जप्ती कोठे नोंदलेली आहे काय, हेही पाहावे.

दुसरा शब्द ‘ताबा’. सूचनेत ‘सांकेतिक ताबा’ असे असेल, तर बँकेने दारावर कागद चिकटवला आहे, एवढाच त्याचा अर्थ. आत माणसे राहत आहेत. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँकेला जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. घरात भाडेकरू असेल तर प्रश्न आणखी बिकट. भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण असलेल्या खऱ्या भाडेकरूला सरफेसीचा आधार घेऊन सरसकट बाहेर काढता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६मध्ये सांगितले. म्हणून घर बाहेरून पाहून परतू नये. आत कोण राहते, कोणत्या नात्याने राहते, हे शेजाऱ्याला विचारावे. शेजारी जे दोन मिनिटांत सांगतो ते सूचनेत छापलेले नसते.

आता हिशेब. समजा, एका सदनिकेची राखीव किंमत ३० लाख रुपये आहे. बयाण्यादाखल १० टक्के, म्हणजे ३ लाख, अगोदर भरावे लागले. बोली ३२ लाखांवर आपल्या नावे सुटली. नियमाप्रमाणे २५ टक्के, म्हणजे ८ लाख, त्याच दिवशी किंवा फार तर कामकाजाच्या पुढच्या दिवशी पूर्ण करावे लागतात. बयाणा वजा जाता उद्यापर्यंत ५ लाख उभे करा. उरलेले २४ लाख विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. बँकेने लेखी मान्य केले तर मुदत वाढते, पण तीन महिन्यांच्या पलीकडे नाही. मुदत चुकली तर भरलेली रक्कम जप्त होते. सबंध २५ टक्के जप्त करणे कायदेशीर आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४मध्ये स्पष्ट केले आहे. ‘बोली लावू, मग कर्जाचे पाहू’ हा विचार म्हणूनच घातक होय. कर्जाची मंजुरी आधी, बोली नंतर.

हिशेब येथे संपत नाही. मुद्रांक शुल्क ६ टक्के धरले तर १ लाख ९२ हजार. नोंदणी ३० हजार. संस्थेची थकबाकी १ लाख ६० हजार. घरपट्टीची बाकी ४० हजार. बंद राहिलेल्या घराची दुरुस्ती २ लाख. एकूण ३८ लाख २२ हजार. शेजारची तशीच सदनिका, राहता मालक, स्वच्छ कागद, किंमत ३६ लाख. तिच्यावर मुद्रांक २ लाख १६ हजार आणि नोंदणी ३० हजार मिळून ३८ लाख ४६ हजार. जाहिरातीत ४ लाखांचा दिसणारा फायदा कागदावर २४ हजारांचा उरला. लिलावाचे घर घेऊच नये, असे आम्ही म्हणत नाही. कित्येकांना त्यात खरोखर लाभ झालेला आहे. परंतु लाभ बोलीच्या आकड्यात नसतो. सारे आकडे मांडल्यावर जे उरते त्यात असतो.

पतसंस्थेच्या लिलावाचे नियम वेगळे आहेत, हे अनेकांना ठाऊक नसते. तेथे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० आणि १९६१च्या नियमांतील नियम १०७ लागू होतो. बोली सुटताच १५ टक्के आणि विक्रीपासून १५ दिवसांत उरलेली रक्कम भरावी लागते. परंतु विक्रीनंतरही ३० दिवसांपर्यंत कर्जदार सारे देणे आणि वर खरेदीदारासाठी खरेदीच्या किमतीच्या ५ टक्के भरून विक्री रद्द करून घेऊ शकतो. त्या महिन्यात घरात पैसा घालणे शहाणपणाचे नव्हे. याउलट सरफेसीखाली, २०१६च्या दुरुस्तीनंतर, घर सोडवण्याचा कर्जदाराचा हक्क विक्रीची जाहीर सूचना प्रसिद्ध होईपर्यंतच टिकतो. सप्टेंबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लिलावानंतर अधिक रक्कम देऊ करणाऱ्या कर्जदाराची मागणी याच कारणाने नाकारली आणि खरेदीदाराचा हक्क कायम केला.

हे झाले नाशिकसारख्या शहराचे. सुरगाण्यात पाऊल टाकताच कायद्याची भूमीच बदलते. सुरगाणा, पेठ आणि कळवण हे तिन्ही तालुके १९८५च्या आदेशाने संपूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ अ अन्वये आदिवासी खातेदाराची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वमंजुरीशिवाय बिगर-आदिवासीकडे जाऊ शकत नाही, आणि विक्रीसाठी त्या मंजुरीला राज्य शासनाची संमतीही लागते. हे बंधन खासगी खरेदीखतापुरते नाही. न्यायालयाच्या हुकूमनाम्याच्या बजावणीत होणारी विक्रीसुद्धा त्यात येते. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी मूळ मालकांना परत देण्यासाठी १९७४चा स्वतंत्र कायदा झाला. तेव्हा ‘मी पैसे मोजले आहेत’ एवढे सांगून येथे हक्क सिद्ध होत नाही. भूखंड बिनशेती झाला म्हणून बंधन गेले, असेही आपणच ठरवू नये. महसूल खात्याचे लेखी उत्तर घ्यावे.

याशिवाय दोन गोष्टी. सरफेसी कायदा शेतजमिनीवरील तारणाला लागूच नाही. जमीन शेतीची आहे की नाही, हे केवळ उताऱ्यावरील शब्दावरून ठरत नाही, प्रत्यक्ष वापरही पाहिला जातो. परंतु शेतात बांधलेल्या घराचा बँकेने लिलाव काढला असेल तर हा प्रश्न अगोदर विचारलाच पाहिजे. दुसरी गोष्ट वनपट्ट्याची. वनहक्क कायदा २००६ अन्वये मिळालेला पट्टा वारसाला मिळतो, पण विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. शंभराच्या मुद्रांकावर नोटरीपुढे लिहून दिलेल्या कागदाने हे बदलत नाही. असा कागद घेऊन घर बांधणारा दुसऱ्याच्या भूमीवर आपली पुंजी ओततो.

गावठाणातील घरांची अडचण निराळी. कित्येक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या एका घरात राहतात आणि त्यांच्याजवळ घरपट्टीच्या पावत्या व कर आकारणीचा उतारा एवढाच पुरावा असतो. कर कोण भरतो हे या उताऱ्यावरून कळते. मालक कोण हे त्यावरून सिद्ध होत नाही. २०२०पासून स्वामित्व योजनेत खेड्यांच्या गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका देण्याचे काम सुरू झाले, ते याच उणिवेसाठी. ज्याला पत्रिका मिळाली आहे त्याने ती जपून ठेवावी आणि तिच्यातील नावे बरोबर आहेत का, बहिणींची नावे राहिली तर नाहीत ना, हे पाहावे.

येथे एक पेच आहे आणि तो आम्ही लपवू इच्छित नाही. जी जमीन सहज विकता येत नाही तिच्यावर बँक सहज कर्ज देत नाही. जो कायदा आदिवासी कुटुंबाच्या घराला लिलावापासून वाचवतो, तोच त्या कुटुंबाच्या पक्क्या घराच्या कर्जाआड येतो. मग गरजू माणूस परवाना नसलेल्या सावकाराकडे जातो आणि कर्जाच्या बदल्यात खरेदीखत लिहून देतो. महाराष्ट्र सावकारी अधिनियम २०१४ने अशा व्यवहारांची चौकशी करून मिळकत परत देण्याचा अधिकार जिल्हा निबंधकाला दिला आहे. तेव्हा अशा सावकाराकडून स्वस्तात घर घेणाऱ्याच्या डोक्यावरही टांगती तलवार राहते. ढाल काढून टाका म्हणजे कर्ज मिळेल, असे म्हणणारे आहेत. सुप्याचा इतिहास ज्यांनी वाचला आहे त्यांना ते पटणार नाही. ढाल ठेवून कर्जाची वाट कशी काढावी, हा विचार पतपेढ्यांनी आणि शासनाने करावयाचा आहे. घर घेणाऱ्याने एवढेच ध्यानात ठेवावे की, ही ढाल चुकवून काढलेली वाट त्याला घरापर्यंत नेत नाही.

शेवटी एक गोष्ट. लिलावाच्या प्रत्येक घरामागे हप्ता चुकलेले एक कुटुंब असते. नोकरी गेली, आजारपण आले, धंदा बसला. त्याला मिळणारी ६० दिवसांची नोटीस, हरकतीचे उत्तर, ३० दिवसांची विक्रीची सूचना, या गोष्टी त्याच्या रक्षणासाठी आहेत. पण नीट पाहिले तर त्याच खरेदीदाराच्याही रक्षणासाठी आहेत. कर्जदाराला त्याचा पुरता हक्क देऊन झालेली विक्रीच खरेदीदाराला निर्वेध पडते. म्हणून हप्ता थकत असेल तर नोटीस येण्याची वाट न पाहता बँकेत जाऊन मुदतवाढीचे बोलावे. आणि घर घ्यायचे असेल तर जाहिरात वाचून नव्हे, सूचनेची शेवटची ओळ वाचून, उतारा पाहून, शेजाऱ्याला विचारून आणि सारा हिशेब मांडून घ्यावे. ज्याला हे करण्यास आठ दिवस सवड नाही, त्याने पुढची २० वर्षे हप्ते भरण्याची घाई करू नये. इतके सांगून आम्ही आमचे विवेचन पुरे करतो.